कडक भाकरीचा व्यवसाय, 4 कोटींचा प्रस्ताव आणि 20 टक्के हिस्सा: घ्यावा की नाही?

चुलीपासून_शेडपर्यंत, सोलापूर

नमस्कार. सोलापुरात गेली अकरा वर्षे मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी तयार करून विकण्याचा व्यवसाय करते. सुरुवात सासूबाई आणि मी अशा दोघींनी घरच्या ओट्यावर केली. आज भाड्याच्या शेडमध्ये 34 बायका कामाला आहेत. गेल्या आर्थिक वर्षात विक्री 2 कोटी 40 लाखांची झाली आणि कर भरून 19 लाख रुपये शिल्लक राहिले. एका टेम्पोचा हप्ता सोडला तर डोक्यावर कर्ज नाही. व्यवसाय अजून माझ्या एकटीच्या मालकीचा आहे, कंपनी केलेली नाही.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका व्हेंचर कॅपिटल संस्थेने (वेगाने वाढू शकणाऱ्या व्यवसायांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या) 4 कोटी रुपये गुंतवण्याची तयारी दाखवली. त्या बदल्यात त्यांना 20 टक्के हिस्सा हवा आहे, म्हणजे गुंतवणुकीनंतर माझा व्यवसाय 20 कोटींचा धरला जाईल. हा आकडा ऐकून माझा भाऊ म्हणाला की लक्ष्मी चालून आली आहे. सासूबाईंनी मात्र एवढेच विचारले की एवढ्या भाकरी आपल्याला नक्की कुणाला खायला घालायच्या आहेत.

पैशांची गरज आहे, हे मी नाकारत नाही. मालदांडी ज्वारी सुगीतच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षभराची भरून ठेवावी लागते, कारण पावसाळ्यात चांगला दाणा मिळत नाही आणि मिळाला तर भाव परवडत नाही. शेंगदाण्याची खरेदी दिवाळीच्या आगेमागे होते. दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानसाखळ्या माल उतरवून घेतल्यावर 70 ते 75 दिवसांनी पैसे देतात. त्यामुळे माल खपतो आहे, नफाही आहे, आणि तरीही खात्यात पैसे नाहीत अशी अवस्था वर्षातून दोनदा येते. याच कारणाने या वर्षी मला दोन मोठ्या मागण्या परत पाठवाव्या लागल्या.

गुंतवणूक संस्थेची अपेक्षा अशी की पाच वर्षांत विक्री 100 कोटींवर जावी. त्यासाठी पुण्याजवळ स्वयंचलित यंत्रांचा कारखाना उभारायचा आणि विक्री व जाहिरात पाहायला मोठ्या पगाराची माणसे घ्यायची. मी गणित करून पाहिले, तर विक्री दरवर्षी दुपटीहून अधिक वाढवावी लागेल. आमची भाकरी हाताने थापलेली असते आणि मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत भाजलेली असते. यंत्रावरचा नमुना मी खाऊन पाहिला, तो भाकरीपेक्षा बिस्किटाच्या जवळचा लागला.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मी या संस्थेपुढे सादरीकरण केले, त्याच दिवशी त्याच सभागृहात एका तरुणाने आपल्या चिवड्याच्या व्यवसायाचे सादरीकरण केले. त्याला विचारले गेले की इतर राज्यांत किती लवकर पोहोचाल. मला विचारले गेले की मुलगी दहावीला आहे तर वेळ कसा काढाल आणि यजमान नोकरी सोडून व्यवसायात येणार आहेत का. त्याची विक्री माझ्या निम्म्याने होती.

हा पैसा घ्यावा का, न घेतल्यास वाढीसाठी दुसरा मार्ग कोणता, आणि घेतल्यास करारात काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, आपण आपली अडचण इतकी नेमकी मांडली आहे की उत्तराचा निम्मा भाग तिच्यातच आहे. आपल्याला पैसा हवा आहे तो ज्वारी, शेंगदाणे आणि अडकलेली उधारी यांसाठी. याला खेळते भांडवल म्हणतात. ते सुगीला बाहेर जाते, माल विकला की परत येते, आणि अशा ये-जा करणाऱ्या पैशासाठी कायमचा हिस्सा देणे म्हणजे एका हंगामाच्या बियाण्यासाठी शेत लिहून देण्यासारखे आहे.

समोरच्या संस्थेचे गणित समजून घेतले, तर 100 कोटींचा आग्रह कुठून येतो ते कळेल. आपल्याकडील असे बहुतेक फंड सेबीच्या, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाच्या, 2012 च्या नियमावलीखाली नोंदलेले आणि ठरावीक मुदतीचे असतात. ही मुदत साधारण आठ ते दहा वर्षांची असते. ज्यांच्याकडून पैसे जमा केले, त्यांना ते मुदतीत नफ्यासह परत करावे लागतात. दहा व्यवसायांत पैसे घातले तर त्यांतले बरेच बुडतील किंवा रखडतील आणि एखाद-दुसरा इतका वाढेल की सगळ्यांची भरपाई होईल, या हिशेबावर हा सगळा डोलारा उभा असतो. त्यामुळे दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढणारा, नफ्यातला, नेटका व्यवसाय आपल्या दृष्टीने उत्तम असला तरी त्यांच्या दृष्टीने तो रखडलेल्यांतच जमा होतो. लाभांशावर त्यांचे समाधान होत नाही. त्यांना आपला हिस्सा कुणाला तरी मोठ्या किमतीला विकून बाहेर पडायचे असते. यात लबाडी काही नाही, तो त्यांचा धंदाच आहे. आपला धंदा त्या वेळापत्रकात बसतो का, एवढेच पाहायचे.

आता बँकेचा मार्ग. लहान उद्योगांसाठी नायक समितीच्या शिफारशींवर आधारलेली एक जुनी आणि सोपी पद्धत आहे: अंदाजित वार्षिक विक्रीच्या 25 टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे आणि 5 टक्के उद्योजकाने घालायचे. पुढच्या वर्षीची विक्री साडेतीन कोटी धरली, तर बँकेकडून 70 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तशी उचलायची आणि भरायची कर्जमर्यादा) आणि आपले साडेसतरा लाख असा हिशेब होतो. व्याज 11 टक्के धरून पूर्ण मर्यादा बाराही महिने वापरली, तरी ते 7 लाख 70 हजार होईल. पण व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते, त्यामुळे प्रत्यक्षात ते याहून कमी पडेल. आपली खरेदी हंगामी असल्याने सुगीच्या महिन्यांसाठी वाढीव मर्यादा मागावी आणि अर्जासोबत महिनावार खरेदी-विक्रीचा तक्ता जोडावा. वर्षाची सरासरी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मार्चमधला खड्डा दिसत नाही.

तारण नसल्यास सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या पत हमी न्यासाची, म्हणजे सीजीटीएमएसईची, हमी घेता येते. एप्रिल 2025 पासून तिची मर्यादा 10 कोटींची झाली आहे आणि महिला उद्योजकांच्या कर्जासाठी हमीचे प्रमाण सर्वसाधारण कर्जाहून अधिक आहे. मात्र ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. कर्ज थकले तर आपली जबाबदारी संपत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. याखेरीज वखार महामंडळाच्या गोदामात ज्वारी ठेवून तिच्या पावतीवर तारण कर्ज काढता येते, आणि यंत्रसामग्री घ्यायची असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत कर्जाशी जोडलेले 35 टक्के अनुदान, 10 लाखांच्या मर्यादेत, ठेवलेले आहे; योजना अजून चालू आहे का, ते आधी विचारावे.

दुकानसाखळ्यांच्या 75 दिवसांबद्दल तर कायदाच आपल्या बाजूने आहे. आपण उत्पादक आहात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. आयकर कायद्यात 43बी कलमाला जोडलेल्या तरतुदीमुळे 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदत ओलांडणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच दाखवता येतो. तक्रार केली तर दुकानातली आपल्या मालाची जागा जाईल ही भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण 250 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल वटवणाऱ्या मंचावर नोंदणी बंधनकारक झाली आहे. खरेदीदाराने तिथे आपले बिल मान्य केले की वित्तसंस्था थोडी कसर कापून काही दिवसांत पैसे देते. भांडण न करता ही मागणी करता येते.

पहिल्या शाखेने नाही म्हटले म्हणून थांबू नये. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका पुन्हा गेल्या आणि तोंडी व्याज काढून दाखवू लागल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

दुसरी_फेरी, पुणे

शाखाधिकारी साहेबांच्या मताशी मी बरीचशी सहमत आहे. पण व्हेंचर कॅपिटल म्हणजे पायाला बांधलेला धोंडा, असा समज इथे होऊ नये म्हणून लिहिते. मी वैद्यकीय तपासणीचे उपकरण तयार करणारी कंपनी चालवते. पहिली तीन वर्षे आमच्याकडे विक्री नव्हती, फक्त चाचण्या, परवानग्या आणि पगार होते. कोणत्याही बँकेने कर्ज दिले नसते आणि ते न देणेच योग्य होते, कारण उपकरण चालले नसते तर परतफेड कशातून करणार होतो? आज कंपनी नफ्यात आहे. तो पैसा नसता तर ती जन्मालाच आली नसती.

किरण मजुमदार-शॉ यांनी 1978 साली बंगळुरात 10 हजार रुपयांच्या भांडवलावर, एका गॅरेजमध्ये बायोकॉन ही जैवतंत्रज्ञान कंपनी सुरू केली तेव्हा बँका त्यांना कर्ज द्यायला तयार नव्हत्या. पुढे नव्या आंबवण प्रक्रियेचा कारखाना काढताना आयसीआयसीआयचे नारायणन वाघुल यांच्या पाठबळाने जोखीम भांडवल मिळाले. ती प्रक्रिया यशस्वी होईल याची खात्री कुणालाच नव्हती, म्हणून तिथे तोच पैसा योग्य होता. कंपनी शेअर बाजारात आली ती 2004 साली, म्हणजे सुरुवातीनंतर 26 वर्षांनी. फाल्गुनी नायर यांनी 2012 मध्ये सौंदर्यप्रसाधने विकणारी नायका सुरू केली, बाहेरचा पैसाही घेतला, पण नोव्हेंबर 2021 मध्ये कंपनी बाजारात उतरली तेव्हाही निम्म्याहून अधिक मालकी त्यांच्या कुटुंबाकडेच होती. आणि ती उतरण्यापूर्वीच्या आर्थिक वर्षात नफ्यात होती, ही गोष्ट त्या वर्षी बाजारात आलेल्या नव्या कंपन्यांच्या गर्दीत उठून दिसणारी होती.

आपल्याला विचारलेल्या प्रश्नांबद्दल. तेव्हा कोलंबिया विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डेना कॅन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धेतली गुंतवणूकदारांची प्रश्नोत्तरे तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी 67 टक्के प्रश्न वाढ आणि संधी यांविषयीचे होते, तर स्त्रियांना विचारलेल्यांपैकी 66 टक्के प्रश्न तोटा कसा टाळणार या धाटणीचे होते. बचावाच्या प्रश्नाला वाढीच्या भाषेत उत्तर देणाऱ्यांना अधिक भांडवल मिळाले, हेही त्यांना आढळले. तेव्हा मुलीच्या दहावीबद्दल विचारले की शेडमधल्या पर्यवेक्षक बायका आपल्याविना किती दिवस काम चालवतात आणि म्हणून दुसरी शेड कधी उघडता येईल, हे सांगावे. प्रश्न अपमानास्पद आहेतच. पण विचारणारा अज्ञानी आहे म्हणून आपण उत्तर वाया का घालवावे? बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने 2018 मध्ये केलेल्या पाहणीत, स्त्रियांनी स्थापलेल्या किंवा सहस्थापलेल्या नवउद्योगांनी गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे 78 सेंटचे उत्पन्न मिळवले होते, इतरांनी 31 सेंटचे. हे दोन्ही अभ्यास तिकडचे आहेत. पण पुण्यातल्या बैठकांत बसल्यावर ते मला परके वाटले नाहीत.

आता कराराबद्दल, कारण माझे हात तिथे पोळले आहेत. मूल्यांकनाचा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो आणि पुढच्या पानांवर तो हळूहळू परत घेतला जातो. समजा, उद्या व्यवसाय 10 कोटींनाच विकावा लागला. आपल्याला वाटेल की 80 टक्क्यांचे 8 कोटी आपले. पण लिक्विडेशन प्रेफरन्सच्या कलमानुसार गुंतवणूकदार आधी आपले 4 कोटी काढून घेतात. कलम सहभागी प्रकारचे असेल तर उरलेल्या 6 कोटींतलेही 20 टक्के, म्हणजे 1 कोटी 20 लाख, त्यांचे होतात आणि आपल्या हाती 4 कोटी 80 लाख उरतात. त्यामुळे एकपट (घातले तेवढेच आधी परत) आणि असहभागी (त्यानंतर उरलेल्यात वाटा नाही), यापेक्षा जास्त काही मान्य करू नये.

दुसरे कलम प्रवर्तकाने समभाग परत विकत घेण्याचे. ठरलेल्या वर्षात विक्री किंवा शेअर बाजार यांपैकी काही झाले नाही, तर 20 टक्के चक्रवाढ परताव्यासह तुम्हीच आमचा हिस्सा विकत घ्या, अशी भाषा त्यात असू शकते. पाच वर्षांत 4 कोटींचे जवळजवळ 10 कोटी होतात. कंपनीने उपलब्ध नफ्यातून ते द्यावेत असे असेल तर बोलता येते. जबाबदारी व्यक्तिशः आपल्यावर असेल, तर ते भांडवल नसून महागडे कर्ज आहे आणि सहीपूर्वी तेथूनच उठून यावे. तिसरे, अकरा वर्षे उभ्या केलेल्या व्यवसायातले आपलेच समभाग पुढच्या चार वर्षांत हप्त्याहप्त्याने पुन्हा कमवायला लावणारे कलम. नव्या कंपनीत ते समजण्यासारखे आहे, आपल्या बाबतीत अजिबात नाही. मी त्यावर सही केली होती. वकील माझा स्वतःचा नव्हता, गुंतवणूकदारांनी सुचवलेला होता.

पाटा_वरवंटा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत पैशांचा विचार नेमका आला आहे, पण 34 बायकांचा नाही. स्वयंचलित कारखाना पुण्याजवळ झाला तर त्या कुठे जातील, हे प्रस्तावात कुठे लिहिले आहे का?

वाढ म्हणजे यंत्रच, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या लिज्जतमध्ये आज 45 हजारांच्या आसपास भगिनी आहेत. तिथे भिजवलेले पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, तपासणी करून घ्यायची आणि वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. लाटणे हातानेच राहिले. वाढ झाली ती हातांची संख्या वाढवून, आणि ते हात मालकीतही सहभागी आहेत. देणग्या घ्यायच्या नाहीत हा नियम त्यांनी पहिल्यापासून पाळला.

अर्थात कडक भाकरी म्हणजे पापड नव्हे. भाजण्याची आच आणि हवेतला ओलावा घरोघरी वेगळा असतो, त्यामुळे काम घरी वाटून दिले तर एका पाकिटात दोन प्रकारच्या भाकऱ्या येतील. पण पीठ, भाजणी आणि बांधणी एकाच पद्धतीने करणाऱ्या वीस-पंचवीस बायकांच्या लहान शेडा अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी अशा ठिकाणी निघू शकतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्या ज्वारीची भाकरी तिथेच भाजलेली असणे ही ग्राहकाला सांगण्याजोगी गोष्ट आहे. पुण्याजवळच्या कारखान्यातून ती सांगता येणार नाही.

चुलीपासून_शेडपर्यंत, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात बरीच धावपळ झाली.

गुंतवणूक संस्थेला मी विचारले की 75 लाख रुपये आणि 5 टक्क्यांहून कमी हिस्सा असा व्यवहार करता येईल का. त्यांनी सौजन्याने सांगितले की एवढ्या लहान रकमेसाठी त्यांना वेळ देणे परवडत नाही. त्या एका वाक्याने शाखाधिकारी साहेबांचे म्हणणे मला पूर्ण कळले. प्रवर्तकाने समभाग परत घेण्याचे कलम त्यांच्या मसुद्यात होते आणि ते व्यक्तिशः माझ्यावरच होते. मी नकार कळवला आहे. भाऊ अजून नाराज आहे.

पहिल्या बँकेने यजमानांना सहकर्जदार करा असे सांगितले. दुसरीने महिनावार तक्ता नीट वाचला आणि 60 लाखांची मर्यादा तत्त्वतः मान्य केली आहे. एका दुकानसाखळीने ट्रेड्सवर बिले मान्य करायचे कबूल केले आहे, दुसरी अजून टाळते आहे. मंगळवेढ्यात एक रिकामी शेड पाहून ठेवली आहे. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या दोन बायका तिथे जाऊन काम लावून द्यायला तयार आहेत. त्यांना त्या शेडच्या नफ्यात वाटा द्यावा असे मनात आहे आणि त्यासाठी भागीदारी संस्था करावी की कंपनी, हे माझ्या सीएंशी बोलून ठरवीन.

बँकेने दरमहा साठ्याचे आणि येणे रकमांचे विवरण मागितले आहे. त्यात कशाची काळजी घ्यावी?

निवृत्त_शाखाधिकारी

60 लाख मंजूर झाले म्हणजे दरमहा 60 लाख उचलता येतील असे समजू नये. साठा आणि येणे यांतून बँकेचे मार्जिन (जेवढ्या भागावर बँक कर्ज देत नाही तो) आणि आपण देणे असलेली उधारी वजा करून जी रक्कम निघेल, तेवढीच त्या महिन्यात उचलता येते. शिवाय साधारणपणे 90 दिवसांहून जुने येणे बँका त्यात धरत नाहीत. टाळाटाळ करणारी दुकानसाखळी आज 75 दिवसांवर आहे. ती आणखी पंधरा दिवस घसरली तर ते येणे विवरणातून बाहेर पडेल आणि ऐन सुगीत आपली उचल कमी होईल. त्यामुळे तिची बिले वेगळ्या रकान्यात ठेवावीत आणि साठ दिवस होताच लेखी आठवण पाठवावी. ज्वारीचे दर मात्र खरेदीच्या पावतीप्रमाणेच लिहावेत, बाजार चढला असला तरी. भागीदारी असो वा कंपनी, नाव आणि बोधचिन्ह यांची तिसाव्या वर्गातली व्यापारचिन्ह नोंदणी त्याआधी स्वतःच्या नावाने करून ठेवावी आणि नव्या संस्थेला ते लेखी परवान्याने वापरू द्यावे.